दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधलं एक मिनिट

मित्रांनो, एका जागी उभं राहून गोष्ट सांगणं मला जमत नाही. वर जाता जाता थोडी सांगेन, खाली येता येता थोडी. तुम्ही सांभाळून घ्या. मी पाच मजल्यांच्या एका दगडी इमारतीतली जुनी लिफ्ट आहे. मला बटणं नाहीत. पितळेचा एक दांडा आहे. तो डावीकडे ढकलला की मी वर जाते, उजवीकडे ढकलला की खाली, आणि मधे आणला की थांबते. दार जाळीचं, सरकतं आणि फार कुरकुरं. मागच्या भिंतीला आरसा, कोपऱ्यात एक तिपाई आणि वर पाटी, ‘आठ माणसं’. पाटी अजून शाबूत आहे, आरशाचा एक कोपरा उडाला आहे.

कारखान्यातून मी सुट्या भागांत आले. फळ्या वेगळ्या, जाळी वेगळी, दोरांची वेटोळी वेगळी. जोडून झाल्यावर एका तपासनीसाने मला वाळूची पोती भरून दिवसभर वर-खाली नेलं. माझे पहिले प्रवासी म्हणजे ती पोती. बापडी एक शब्द बोलली नाहीत. माणसांची सवय मला त्यानंतर लागली, आणि अशी लागली की सुट्टीच्या दिवशी तळमजल्यावर नुसतं उभं राहायचं म्हटलं की माझे दोर शिवशिवायचे. कुणीतरी यावं, कुठेतरी न्यावं, एवढंच वाटायचं.

इमारतीत तेव्हा विम्याची कचेरी होती आणि माझ्या दांड्यावर मामा होता. हजेरीपटावर त्याचं खरं नाव होतं, पण मोठ्या साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. मी त्याच्याहून वयाने मोठी, म्हणून मी अरे-तुरे करते. निळा गणवेश, खिशात पितळ पुसायचं फडकं, आणि हाताला जन्मजात अंदाज. मला मजल्याशी बरोबर जुळवून उभं करणं सोपं नसतं बरं. मी भरलेली असेन तर वर जाताना दांडा जरा उशिरा सोडावा लागतो, रिकामी असेन तर जरा आधी. मामा न बघता सोडायचा आणि माझा उंबरठा मजल्याच्या उंबरठ्याला टेकल्यासारखा लागायचा. ‘मामा, डोळे मिटून पाऊल टाकलं तरी ठेच लागत नाही,’ असं एक विभागप्रमुख रोज म्हणायचे. मामा वरवर ‘चालायचंच साहेब’ म्हणायचा, आणि ते उतरले की फडकं काढून दांडा उगाच आणखी एकदा पुसायचा.

मी रिकामी असले की तो माझ्याशी बोलायचा. एका सोमवारी सकाळी त्याने दांडा इतका घट्ट धरला होता की मलाच चाहूल लागली, आज काहीतरी आहे.

“आज पोरगा येतोय,” तो म्हणाला. “चौथ्या मजल्यावर लागलाय. परीक्षा देऊन लागलाय हं, कुणाची चिठ्ठी नाही.”

दोन मजल्यांनंतर पुढे म्हणाला,

“काल जेवताना म्हणाला, बाबा, तिथे मला ओळख देऊ नका. म्हटलं, बरं. नवा आहे, बुजलाय. आठवडाभर चालेल हे.”

आठवडाभर नव्हे मित्रांनो, ते चार वर्षं चाललं. रोज पावणेदहाला मुलगा चार जणांबरोबर आत शिरायचा, आरशाकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, “चौथा.” मामा म्हणायचा, “होय साहेब.” बस्स. वर्षभराने मुलाने कचेरीजवळ दोन मित्रांबरोबर खोली घेतली. आई तो कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे घरी मामा एकटा उरला. मग बापलेकांची रोजची भेट म्हणजे तळमजला ते चौथा मजला, चाळीस सेकंद. मामाने त्या चार वर्षांत एक रजा घेतली नाही. ताप आला तरी आला. कचेरीने त्याला उत्तम हजेरीचं प्रमाणपत्र दिलं, चौकटीत घालून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो कुणासाठी येत होता ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला विचारतं कोण?

या चार वर्षांतला एक दिवस माझ्या मनातून जात नाही. त्या सकाळी मुलाच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. मामाने ती पाहिली. बरोबर मुलाचा एक सहकारी होता. तो हसला की माझी जाळी थरथरायची, म्हणून कचेरीत त्याला गडगड्या म्हणत. गडगड्या काहीतरी विनोद सांगत होता. मामाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारणार. मामा म्हणाला, “साहेब, हात सांभाळा, दार लावतोय.”

चौथ्यावर सगळे उतरले. खाली येताना मामाने मला विचारलं, “काय झालं असेल गं?” मी काय सांगणार? तुम्ही म्हणाल, संध्याकाळी मुलाच्या खोलीवर जाऊन विचारायचं. मीही तेच म्हणते. पण सकाळी समोर असताना विचारलं नाही, ते संध्याकाळी कुठल्या तोंडाने विचारायचं, असं काहीसं त्याच्या मनाने घेतलं असावं. सोंग कुठे थांबवायचं हेच दोघांना कळेनासं झालं होतं. तीन आठवड्यांत पट्टी लहान होत गेली, मग निघाली. प्रश्न तसाच राहिला, आणि मला तो रोज वर-खाली न्यावा लागला.

मग कचेरी काचेच्या नव्या इमारतीत गेली. तिथल्या लिफ्ट आपापल्या चालतात म्हणे. मुलगा तिकडे गेला, मामा घरी गेला, आणि मी चौथ्या मजल्यावर अर्ध्या उघड्या दाराने उभी राहिले. सहा वर्षं. तुम्हाला कुणी सहा मिनिटं हलू नको म्हटलं तर तुम्ही किती चुळबुळ कराल? माझ्या तिपाईवर पारव्यांनी संसार थाटला. दोर गंजले. रात्रंदिवस एकच मजला बघून बघून मला त्या मजल्याचा वीट आला होता. कुणी हाक मारेल म्हणून मी कान देऊन असायचे, आणि खाली फक्त वारा दार वाजवायचा.

सहा वर्षांनी नाटकवाली मंडळी आली. त्यांची दिग्दर्शिका सडपातळ, केस आखूड कापलेली, एका जागी मिनिटभर न टिकणारी बाई होती. मला ती पाहताक्षणी आवडली. माझे दोर बदलायला आलेल्या कारागिराने सुचवलं की दांडा काढून बटणं बसवू. ती म्हणाली, “अजिबात नाही. हिला चालवणारा माणूस शोधा.” पहारेकऱ्याकडे मामाचा पत्ता होता. मामा दुसऱ्याच दिवशी जुना निळा गणवेश घालून हजर झाला. गणवेश खांद्यांवर सैल झाला होता. त्याने आधी पारव्यांना बाहेर काढलं, मग फडक्याने दांडा पुसला, आणि मग माझ्या फळीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडले असते.

मामाची समजूत अशी होती की लिफ्ट चालवायची नोकरी आहे. नाटकात काम आहे हे त्याला आठवड्याने कळलं.

हे नाटक तुमच्या ओळखीचं नव्हे. इथे रंगमंच नाही, पडदा नाही, बसायला खुर्ची नाही. सगळी इमारत म्हणजे एक घर, आणि त्या घरातला थोरला मुलगा घर सोडून जातो त्या एका दिवसाची गोष्ट पाचही मजल्यांवर एकाच वेळी चालू. प्रेक्षकांना दारात एक राखाडी टोपी मिळते. टोपी घातली की तुम्ही त्या घरात कुणाला दिसत नाही. बोलायचं नाही, पण हवं तिकडे हिंडायचं. खण उघडा, पत्रं वाचा, स्वयंपाकघरात भांडी विसळणाऱ्या आईच्या शेजारी जाऊन उभे राहा. ती तुमच्याकडे बघणार नाही. ज्याला जे सापडेल ते त्याचं नाटक. कुणी सगळा वेळ आजोबांच्या खोलीत बसून राहतं, कुणी पाच मजले धापा टाकत पालथे घालतं, आणि तरी मुख्य भांडण चुकतंच.

माझी मात्र फार पंचाईत झाली. मला दिसतात ते फक्त तुकडे. पहिल्या मजल्यावर आई भांडं ठेवते, तोवर मी दुसऱ्यावर. तिथे बहीण म्हणते, “तू गेलास तर मी...” आणि मी तिसऱ्यावर. तिथे थोरला पेटी भरतोय. काय भरतोय ते बघेपर्यंत मी चौथ्यावर! बहिणीने काय धमकी दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. खाली येणारे प्रेक्षक कुजबुजतात त्यावरून मी गोष्ट जुळवत असते, पण दोघांची गोष्ट कधी सारखी नसते.

मामाचं काम असं होतं की या घरात टोपीवाल्यांना पाहू शकणारा तो एकटाच. आणि दिग्दर्शिकाबाईंनी त्याला सांगितलं, “मामा, वर जाताना दर फेरीला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबवायची. अडकल्यासारखी. मोठा दिवा बंद, छोटा चालू. एक मिनिट.”

मामा पांढराफटक पडला. “बाई, एकतीस वर्षांत मी हिला मधे थांबवली नाही.”

“म्हणून तर.”

“लोक घाबरतील.”

“तुम्ही त्यांच्याशी बोलायचं ना. एक खरी गोष्ट सांगायची. तुमच्या आयुष्यातली, इथलीच. नाव कुणाचं घ्यायचं नाही. खोटं चालणार नाही, आणि एकदा सांगितलेली पुन्हा नाही.”

“आणि नाही सुचली तर?”

“तर मिनिटभर गप्प उभं राहायचं. लोकांना तेही कळतं.”

पहिल्यांदा त्याने मला मधे थांबवलं तेव्हा अपमानाने माझे दोर करकरले. समोर नुसती भिंत, वर अर्धा मजला, खाली अर्धा. पण मामा बोलायला लागला आणि आतली आठ माणसं श्वास धरून ऐकायला लागली. एक साहेब मुलाखतीआधी माझ्या आरशाला नमस्कार करायचे ते त्याने सांगितलं. एक टंकलेखिका दुसऱ्या मजल्यापर्यंत रडायची, इथे डोळे पुसायची आणि चौथ्यावर हसत उतरायची, ते सांगितलं. कुणाची तरी विसरलेली छत्री आपण परत केली नाही आणि अजून तीच वापरतो, हेही सांगून टाकलं. लोक बाहेर पडताना म्हणायचे, “लिफ्टवाला काय नट आहे हो! अगदी खरा वाटतो.” मामाला याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं. मुलाला मात्र त्याने यातलं काही कळवलं नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांतून मुलगा घरी येऊन दहा मिनिटं बसायचा, तेव्हा मामा म्हणायचा, “वेळ जातो माझा.” एका रिकाम्या फेरीत तो मला म्हणाला, “लिफ्टवाल्याचीच त्याला लाज होती. नाटकातला लिफ्टवाला म्हटल्यावर तर बघायलाच नको.”

आठवड्याला तीन प्रयोग, प्रयोगाला चार फेऱ्या. तुम्हीच विचार करा, माणसाकडे खऱ्या गोष्टी असतात तरी किती! दोन महिन्यांत मामाचा साठा तळाला गेला. प्रयोगाआधी तो तिपाईवर बसून आठवत राहायचा. “छत्रीची झाली. टंकलेखिकेची झाली. मोठ्या साहेबांच्या शिंकेची झाली.” एकच उरली होती. कुठली, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. ती सांगावी की मिनिटभर गप्प उभं राहावं, या विचाराने त्याचा पाय सारखा हलायचा आणि त्याच्या पायाखाली मी.

अशा एका सुट्टीच्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला कचेरीतली जुनी मंडळी आली. आपली जुनी इमारत, तिथे म्हणे नाटक लागलंय, चला बघू, असं ठरवून पाच जण आले होते. पुढे गडगड्या. त्याच्या मागे जावक विभागातल्या बाई, ज्यांना सगळे जावकताई म्हणत. आणि सगळ्यात मागे, टोपी हातात धरून, मामाचा मुलगा.

“अरे मामा! तुम्ही इथेच अजून?” गडगड्या मोठ्याने म्हणाला. बोलायचं नाही हा नियम त्याने दारातच मोडला.

“या साहेब,” मामा म्हणाला. “या ताई.” आणि मग मुलाकडे बघून, तसंच, त्याच आवाजात, “या साहेब.”

मुलाने टोपी घातली आणि आरशाकडे तोंड केलं. सहा वर्षांनी तेच. मला इतका राग आला की दार लावताना मी नेहमीपेक्षा मोठ्याने कुरकुरले.

पहिला मजला गेला. दुसरा गेला. मला वाटत होतं, मामा, आज थांबवू नकोस, सरळ ने यांना वर. पण मामाने दांडा मधे आणला. मोठा दिवा गेला. छोट्या दिव्यात सगळ्यांच्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या.

“थांबली,” मामाने नेहमीचं वाक्य म्हटलं. “एक मिनिट लागेल. तोवर एक खरं सांगतो.”

आणि पुढे काही नाही. दहा सेकंद गेली, पंधरा गेली. गडगड्याने घसा खाकरला. मी मनातल्या मनात धावत होते, वर, खाली, वर, खाली, आणि जागची हलत नव्हते.

मग मामा बोलला. “या लिफ्टमधून रोज एक साहेब जायचे. एक दिवस त्यांच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. काय झालं, ते मला विचारायचं होतं. लोक होते आजूबाजूला. मी विचारलं नाही. म्हटलं, दार लावतोय, हात सांभाळा.” तो थांबला. “बाकी सगळं सांगून झालंय माझं. एवढंच राहिलं होतं.”

नाव त्याने घेतलं नाही. वचन त्याने चार वर्षं पाळलं होतं, तसंच त्याही दिवशी पाळलं. तो दांड्याकडे वळणार, एवढ्यात आरशाकडून आवाज आला.

“भाजलं होतं, बाबा.”

मुलगा वळला होता. टोपी त्याने काढून मुठीत चुरगाळली होती. “पातेलं उतरवायला गेलो. फडकं नव्हतं हाताशी. घरी तुम्ही ते खुंटीला लावून ठेवता ना, मी सवयीने तिकडे हात केला, तर तिथे खुंटीच नव्हती. तेवढ्यात सांडलं सगळं.”

आणि मग गडगड्या हसला. माझी जाळी थरथरली. “वा रे वा! काय जमवलंस! आधीच ठरवून आलास की काय? मामा, याला घ्या तुमच्या नाटकात!” बाकीचे दोघेही हसले. एकाने हळूच टाळ्या वाजवल्या.

“नाटक नाही रे. खरंच माझे वडील आहेत.”

“हो हो, आणि मी यांचा पुतण्या!” गडगड्याला हसू आवरेना.

मित्रांनो, दहा वर्षांनी तोंडातून निघालेली गोष्ट अशी हवेत विरताना मी पाहिली. मुलाचा चेहरा रडवेला झाला. जावकताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या छोट्या दिव्यात आळीपाळीने दोघांची नाकं बघत होत्या. गडगड्या मामाला म्हणाला, “काय हो मामा, खरंच का?”

मामाने दांडा धरला. “मिनिट झालं,” तो म्हणाला, आणि मला सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अंदाज चुकला. तिसऱ्या मजल्याला मी चार बोटं खाली लागले आणि गडगड्या ठेचकाळला. “हेसुद्धा नाटकात आहे का?” असं म्हणत तो उतरला. त्याच्यामागून सगळे उतरले. मुलगा उतरला नाही.

“उतर रे,” मामा म्हणाला. “तिसऱ्यावर बघण्यासारखं आहे. पोरगा पेटी भरतो.”

“बाबा, त्यांना खरं वाटलं नाही.”

“कसं वाटेल? इथे आम्ही सगळंच खरं असल्यासारखं बोलतो.” मामा फडक्याने दांडा पुसू लागला. “तू सांगितलंस, मला पोचलं. पण टोपीवाल्यांच्यात सांगितलंस रे. मला सांगायचं असेल तर हे पुष्कळ झालं. त्यांना सांगायचं असेल, तर जिथे टोप्या नसतात तिथे सांग.”

“सांगू?”

“ते मी कसं सांगू? ओळख देऊ नका म्हणाला होतास तू. मोडायचं असेल तर तूच मोड.”

तळमजल्यावरून घंटी वाजली. चार जण ताटकळले होते. मुलगा उतरला आणि आम्ही खाली निघालो. मामा तळमजल्यापर्यंत डोळे पुसत होता, आणि दार उघडल्यावर म्हणाला, “या, या, आठ माणसं चालतात.”

त्यानंतरचे चार दिवस कसे गेले ते विचारू नका. मामा माझ्याशी बोलेना. दांडा पुसायचा तर पुसतच राहायचा. प्रयोगात मिनिटभर गप्प उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, काय ती शांतता! शांतता कसली, आत नुसती घालमेल चालली होती. मला सारखं वाटायचं, त्या काचेच्या इमारतीत काय चाललं असेल? तिथल्या लिफ्टना दिसत असेल, मला इथून काय दिसणार? सांगितलं असेल का? की पुन्हा आरशाकडे तोंड करून उभा असेल? घंटी वाजली की मी दचकायचे. एकदा तर घंटी वाजली नसताना मी जागची हलले, आणि मामा ओरडला, “काय चुळबुळ चालवलीयेस!”

पाचव्या दिवशी दुपारी प्रयोग नव्हता. वर मंडळींची तालीम चालली होती. मामा तळमजल्यावर माझ्या जाळीच्या खाचेत तेल घालत होता, बाह्या कोपरापर्यंत वर, हात काळे. बाहेरचं मोठं दार उघडलं. मुलगा आत आला. गळ्यात कचेरीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. मागे जावकताई आणि गडगड्या. त्यांच्याही गळ्यात ओळखपत्रं. जेवणाच्या सुट्टीत तडक निघून आले होते.

“मामा,” जावकताई म्हणाल्या, “आज डबे उघडले आणि हा उठून उभा राहिला. आम्हाला वाटलं बढती मिळाली, तेच सांगतोय. आमच्या सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलला. चार वर्षांचं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.”

गडगड्या पुढे होऊन म्हणाला, “मामा, मी हसलो हो त्या दिवशी.”

“हसणारच तुम्ही. त्यात काय एवढं,” मामा म्हणाला.

मुलगा पुढे आला. “बाबा, हे माझ्याबरोबर काम करतात. आणि हे,” तो मागे वळून म्हणाला, “हे माझे बाबा.” वाक्य साधंच होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या सोमवारी, दोन सेकंदांत होणारं.

मामाला काळ्या हातांचं काय करावं ते कळेना. त्याने ते गणवेशाला पुसले, आणि तेवढ्यावरून मला कळलं की माणूस ठिकाणावर नाही. त्या गणवेशाला त्याने कधी डाग पडू दिला नव्हता. बसा म्हणावं तर तिपाई एकच. मग तो आत शिरला, माझ्या मधोमध उभा राहिला आणि मान वर केली. माझ्या छताची झडप तेलपाण्यासाठी उघडी होती आणि तिच्यातून पाच मजल्यांची उभी पोकळी दिसत होती. ज्या माणसाने माझ्यात उभं राहून कधी आवाज चढवला नाही, तो छाती भरून ओरडला:

“बाई! अहो बाई! सगळे खाली या! माझा मुलगा आलाय!”

आवाज दोरांना धरून वरपर्यंत गेला. एकेका मजल्याची दारं उघडली. नाटकातली आई, आजोबा, बहीण, पेटी भरणारा थोरला, सगळे कठड्यावरून वाकून बघायला लागले. बाई तर जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत खाली आल्या, कारण लिफ्ट मामाने अडवून धरली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लिफ्टला वेळच्या वेळी तेल घाला, दोर तपासा, दार आपटू नका, हे तर सांगतेच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. जे माणूस तुमचं आहे, त्याला चारचौघांत तुमचं म्हणा, आणि ते पहिल्याच दिवशी म्हणा. मागाहून म्हणायला गेलात, तर लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या मजल्यावर उतरून जातात.